सिग्नल नाही, म्हणून गाडी थांबली



बेळगावहून मिरजेकडे किंवा लोंढ्याकडे निघालेली गाडी आडरानात मध्येच थांबली, की डब्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, "क्रॉसिंग असेल." दुसरा म्हणतो, "सिग्नल नाही." मग कोणी घड्याळ पाहतो, कोणी दारात जाऊन डोकावतो, कोणी रेल्वेला नावे ठेवतो. पाच-दहा मिनिटांनी गाडी हलते आणि विषय संपतो.

पण त्या पाच-दहा मिनिटांत नेमके काय चाललेले असते? गाडी कोणाच्या सांगण्यावरून थांबते, कोणाच्या सांगण्यावरून सुटते, आणि सांगणाराच चुकला तर काय होते? हे प्रश्न मुलांना पडतात आणि मोठ्यांना त्यांची उत्तरे देता येतातच असे नाही. म्हणून हा विषय आम्ही या अंकासाठी घेतला आहे. आज देशभर रेल्वेची सिग्नल यंत्रणा बदलली जात आहे आणि आपल्या भागातून जाणाऱ्या गाड्याही त्या बदलाच्या वाटेवर आहेत. निपाणी गावात रेल्वे नाही, तेथील मंडळींना गाडी धरायला कोल्हापूरसारखे ठिकाण गाठावे लागते. पण कोल्हापूर काय, मिरज काय, बेळगाव काय, सिग्नलचा नियम सगळीकडे सारखाच.

रेल्वेला सिग्नल का लागतो?

रस्त्यावरचा मोटारवाला समोर अडथळा दिसला की ब्रेक दाबतो, नाहीतर चाक वळवून बाजूने जातो. रेल्वेच्या ड्रायव्हरला यातले काहीच सहज जमत नाही. गाडी वळवणे त्याच्या हातात नाही, ती रूळ नेतील तिकडे जाते. थांबवण्याचेही तसेच. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घासते. म्हणूनच एक इंजिन हजारो टनांचा भार ओढू शकते. पण त्याच कारणाने ती गाडी लवकर थांबत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने धावणारी गाडी थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते.

खानापूर-लोंढा भागातला पाऊस आठवा. वळण आहे, दोन्ही बाजूंना झाडी आहे, रात्रीची वेळ आहे. एक किलोमीटर पुढचे कोणाला दिसणार? दिसल्यावर ब्रेक लावून उपयोग नाही, दिसण्याआधीच कोणीतरी सांगायला हवे. हे "आधी सांगणे" म्हणजेच सिग्नल.

एका तुकड्यात एकच गाडी

बेळगावला रेल्वे आली १८८७ साली. सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने हा मार्ग बांधला आणि १८९० सालापर्यंत तो पुण्यापर्यंत जोडला गेला. मार्ग मीटर गेजचा आणि एकेरी होता. एकाच रुळावरून इकडच्या आणि तिकडच्या गाड्या जायच्या. मग त्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी काय करायचे?

यावर रेल्वेने जगभर जो उपाय काढला तो अगदी साधा आहे. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने "माझ्याकडची वाट मोकळी आहे, पाठवा" असे सांगितल्याशिवाय इकडच्या मास्तरने गाडी सोडायची नाही. यालाच रेल्वेच्या भाषेत "लाइन क्लिअर" म्हणतात.

तोंडी निरोपावर विसंबणे धोक्याचे, म्हणून भारतातल्या अनेक एकेरी मार्गांवर एक युक्ती वापरली गेली. शेजारच्या दोन स्टेशनांत विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रे असत आणि त्यांत लोखंडी गोळे ठेवलेले असत. दोन्ही यंत्रे मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती आला तरच त्याने पुढे जायचे. पुढच्या स्टेशनात तो यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा कोणत्याच यंत्रातून निघत नसे. वेताच्या मोठ्या कडीला लावलेल्या पिशवीत तो गोळा घालून, चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या हातात ती कडी अडकवणारा कर्मचारी आपल्या आजी-आजोबांनी नक्की पाहिला असेल. घरी विचारून पाहा.

हा नियम सक्तीचा कसा झाला, ती हकीकत आपण शाळेतल्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयर्लंडमध्ये आर्मा नावाचे गाव आहे. १२ जून १८८९ रोजी तेथून मुलांची सहल घेऊन एक गाडी निघाली. चढ इंजिनाला झेपेना, म्हणून गाडीचे दोन भाग केले. मागचा भाग सुटला, उतारावरून उलटा घरंगळत गेला आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळला. ऐंशीच्या आसपास माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्या काळी तेथे दोन गाड्यांमध्ये फक्त काही मिनिटांचे अंतर ठेवत, वाट मोकळी झाली आहे याची खात्री करत नसत. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: एका तुकड्यात एकच प्रवासी गाडी, सांधे आणि सिग्नल यांची परस्पर जोडणी, आणि डबे तुटले तर आपोआप लागणारे ब्रेक.

सांधा, सिग्नल आणि त्यांची गाठ

गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या हलत्या भागाला आपण सांधा म्हणतो आणि तो फिरवणाऱ्याला सांधेवाला. आता समजा, सांधा बाजूच्या रुळाकडे वळवलेला आहे, तेथे मालगाडी उभी आहे, आणि सिग्नल मात्र "सरळ वेगाने जा" असे सांगतो आहे. मग अपघात ठरलेलाच.

हे होऊ नये म्हणून इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली सांधे आणि सिग्नल ओढणारे लोखंडी दांडे एकमेकांत अडकतील अशी रचना केली. सांधा योग्य बाजूला बसून घट्ट झाला नसेल, तर सिग्नलचा दांडा ओढलाच जात नाही. माणसाने कितीही जोर लावला तरी नाही. या गाठीला इंटरलॉकिंग म्हणतात. पुढे लोखंडी दांड्यांची जागा विजेच्या बटणांनी घेतली आणि आता ती संगणक घेत आहे. स्टेशनमास्तर समोरच्या पडद्यावर वाट निवडतो. वाटेतला प्रत्येक सांधा तपासला जातो, रूळ मोकळा आहे ना हे पाहिले जाते, आणि मगच सिग्नलचा रंग बदलतो.

रूळ मोकळा आहे हे यंत्राला कसे कळते? विज्ञानाच्या तासाला शिकलेले इथे उपयोगी पडेल. दोन्ही रुळांमधून अगदी कमी दाबाची वीज सोडतात. ती रुळांच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विद्युतचुंबकापर्यंत पोचते. तो चुंबक एक पट्टी उचलून धरतो आणि पट्टी उचललेली असेल तरच सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची चाके आणि आस यांमुळे दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात. वीज तिथूनच परत फिरते, चुंबकापर्यंत पोचत नाही, पट्टी खाली पडते आणि सिग्नल लाल होतो. दुसरी पद्धत चाके मोजण्याची. तुकड्यात जितक्या जोड्या आत गेल्या तितक्याच बाहेर आल्या, तरच वाट मोकळी. एखादा डबा मागे तुटून राहिला असेल, तर हिशेब जुळत नाही आणि सिग्नल लालच राहतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. रुळातली तार तुटली तर? वीज गेली तर? तरीही चुंबकापर्यंत प्रवाह पोचत नाही आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे यंत्र बिघडले तर ते "थांबा" असेच सांगते. जुन्या हाताच्या सिग्नलचेही तसेच होते. आडवा हात म्हणजे थांबा. तार ओढली की हात खाली पडायचा आणि गाडी यायची, म्हणून तर आपल्याकडे "सिग्नल पडला" म्हणण्याची पद्धत रूढ झाली. ती तार तुटली तर वजनामुळे हात पुन्हा आडवा व्हावा अशीच रचना असे. शंका आली की थांबायचे, हा रेल्वेच्या सुरक्षिततेचा पहिला धडा आहे. आडरानात थांबलेली गाडी दर वेळी कोणाच्या ढिलाईमुळे थांबलेली नसते. पुष्कळदा यंत्र आपले काम चोख करत असते.

फाटक इतके आधी का पडते?

टिळकवाडीच्या रेल्वे फाटकांवर शाळेच्या वेळी ताटकळलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारलेला आहे. उत्तर याच गाठीत आहे. इंटरलॉकिंग असलेल्या फाटकावर, फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. आणि गाडीला थांबायला एक किलोमीटर लागते, तेव्हा सिग्नल तिला त्याहून दूर असतानाच मिळायला हवा. म्हणून गाडी नजरेला पडण्याच्या कितीतरी आधी फाटक पडते. एकदा सिग्नल दिला की गाडी निघून जाईपर्यंत गेटमनलाही ते उघडता येत नाही. तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

एक हिशेब करा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. सायकल घेऊन फाटकाखालून वाकत, दोन रूळ ओलांडत पलीकडे जायला दहा सेकंद लागले असे धरा. तेवढ्यात गाडी २८० मीटर पुढे आलेली असते. कबड्डीच्या मैदानाची लांबी १३ मीटर असते. ती वीसहून जास्त मैदाने पार करून येते!

येथे आपल्या भागासाठी एक खास इशारा आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे मिरज-लोंढा मार्ग एकेरी होता. "एक गाडी गेली, आता वाट मोकळी" ही सवय पिढ्यान्पिढ्या आपल्या अंगवळणी पडली आहे. गेल्या काही वर्षांत या मार्गावर टप्प्याटप्प्याने दुसरा रूळ टाकला गेला आणि वर विजेच्या ताराही आल्या. त्यामुळे क्रॉसिंगसाठी खोळंबून राहणे कमी झाले ही आनंदाची गोष्ट. पण आता एक गाडी गेल्यावर तिच्या आडून, दुसऱ्या रुळावरून, उलट दिशेने दुसरी येऊ शकते. शिवाय विजेच्या इंजिनाचा आवाज डिझेल इंजिनाइतका लांबून येत नाही. गाडी गेली आणि फाटक अजून बंद आहे, याचा अर्थ गेटमन झोपला असा नसून दुसरी गाडी येत आहे असा धरावा. ब्रॉडगेज मार्गांवरची गेटमन नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत देशभर बंद करण्यात आली. राहिलेल्या फाटकांवर माणूस आहे, पण फाटकाखालून वाकणाऱ्याला तो वाचवू शकत नाही.

लाल दिवा दिसूनही गाडी पुढे गेली तर?

सिग्नल बरोबर आहे, पण ड्रायव्हरला तो धुक्यात दिसला नाही, किंवा सलग जागरणाने त्याचा डोळा लागला, तर? इथवरची सारी यंत्रणा सिग्नलच्या खांबाशी येऊन थांबते. इंजिनात बसलेल्या माणसाला ती काही करू शकत नाही. मुंबईच्या लोकल गाड्यांत लाल सिग्नल ओलांडला की ब्रेक लावणारी यंत्रणा पुष्कळ वर्षांपूर्वीच बसवली गेली. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांचे काय?

२ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमध्ये गैसाल येथे अवध-आसाम एक्सप्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल समोरासमोर धडकल्या. किशनगंज स्थानकात काम चालू असताना एक गाडी चुकीच्या रुळावर गेली आणि ते वेळेत कोणाच्या लक्षात आले नाही. अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्या सुमारास आपल्या शेजारच्या कोकण रेल्वेने, बी. राजाराम यांच्या पुढाकाराने, "रक्षा कवच" नावाचे टक्करविरोधी उपकरण तयार केले. ते उपग्रहांच्या मदतीने गाडीची जागा ओळखे आणि दोन गाड्या धोकादायक अंतरावर आल्या की ब्रेक लावी. ईशान्य सीमा रेल्वेवर ते बसवूनही पाहिले. पण शेजारी शेजारी असलेल्या दोन रुळांपैकी गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे, हे उपग्रहावरून खात्रीने ठरवणे कठीण होते. रुळांमध्ये अंतर चार-पाच मीटर, आणि अंदाजातली चूक त्याहून मोठी! कारण नसताना ब्रेक लागू लागले, आणि ते उपकरण देशभर गेले नाही.

नवी "कवच" यंत्रणा त्या अनुभवानंतरची आहे. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने ती भारतीय कंपन्यांच्या मदतीने विकसित केली. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या २०१६ साली सुरू झाल्या आणि २०२० साली राष्ट्रीय यंत्रणा म्हणून तिची निवड झाली. तिचे काम असे चालते: रुळांच्या मधोमध स्लीपरवर छोट्या चकत्या बसवलेल्या असतात. इंजिन वरून गेले की त्या आपली ओळख सांगतात. त्यामुळे गाडी कोठे आहे आणि कोणत्या रुळावर आहे हे नक्की कळते. स्टेशनातले यंत्र पुढच्या सिग्नलचा रंग आणि पुढची वाट रेडिओवरून इंजिनाला कळवते. ड्रायव्हरला सिग्नल समोरच्या पडद्यावरच दिसतो, मग बाहेर धुके असो की पाऊस. त्याने वेग कमी केला नाही, तर यंत्र आधी सूचना देते आणि शेवटी स्वतः ब्रेक लावते. फाटक जवळ आले की शिट्टीही आपोआप वाजते.

४ मार्च २०२२ रोजी तेलंगणात गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्टेशनांदरम्यान चाचणी झाली. एकाच रुळावर समोर दुसरे इंजिन असताना, रेल्वेमंत्री बसलेले इंजिन ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबले. दक्षिण मध्य रेल्वेवर पहिल्या टप्प्यात सुमारे १,४६५ किलोमीटर मार्गावर कवच बसले. त्यात कर्नाटकातील वाडी आणि बीदर, तसेच मराठवाड्यातील परभणीकडचे मार्ग आहेत. जुलै २०२४ मध्ये कवचची सुधारित चौथी आवृत्ती मंजूर झाली आणि जुलै २०२५ मध्ये मथुरा-कोटा मार्गावर ती सुरू झाली. देशातील रेल्वेचे जाळे सुमारे ६९,००० किलोमीटरचे आहे, म्हणजे वाट अजून लांब आहे.

हद्द बदलली तरी भाषा एकच

आपण सीमाभागातली माणसे. हद्द ओलांडली की पाट्या बदलतात, कचेऱ्या बदलतात, हे आपल्याला नवे नाही. रेल्वेलाही हद्दी असतात. बेळगाव हे दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. तो विभाग मिरजेजवळ संपतो आणि मिरज स्टेशन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येते. गाडीतल्या प्रवाशाला याचा पत्ताही लागत नाही, आणि लागू नये हेच बरोबर.

पूर्वी मात्र तो लागत असे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मिरजेच्या पुढे बेळगावकडे मीटर गेजच राहिला. मुंबईहून येणाऱ्या बेळगावकरांना मिरजेला सामान उतरवून, पोरेबाळे सांभाळत दुसरी गाडी पकडावी लागे. १९९०च्या दशकात आपला मार्ग रुंद झाला आणि ही कटकट संपली. त्याउलट उदाहरण कॅसलरॉकचे. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजांची हद्द संपून पोर्तुगिजांची सुरू होई. दोन सरकारे, दोन चलने, मध्ये जकात नाके. पण रूळ दोन्हीकडे मीटर गेजचेच ठेवले गेले, म्हणून हुबळीकडचा माल गाडी न बदलता घाट उतरून मुरगावच्या बंदरापर्यंत जाऊ शकला.

आज रुळांची रुंदी एक झाली आहे. प्रश्न आहे तो यंत्रांच्या भाषेचा. युरोपात प्रत्येक देशाने आपापली सिग्नल यंत्रणा केली. परिणाम असा, की पॅरिस, ब्रसेल्स, अॅम्स्टरडॅम आणि कोलोन यांना जोडणाऱ्या थालिस या गाडीवर एके काळी सात निरनिराळ्या यंत्रणा बसवाव्या लागल्या होत्या. त्यातून धडा घेऊन त्या देशांनी एक सामाईक यंत्रणा ठरवली, पण जुन्या काढून ती बसवण्याचे काम अनेक दशके चालू आहे.

आपल्याकडे कवचची उपकरणे एकाहून अधिक कंपन्या बनवतात. तेव्हा नियम असा हवा, की एका कंपनीचे उपकरण लावलेले इंजिन दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या स्टेशनात शिरले, तरी दोघांना एकमेकांचे बोलणे नीट समजले पाहिजे. बंगळूरहून निघालेले इंजिन हुबळी, बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते. मधल्या एखाद्या तुकड्यात त्याला निरोप समजला नाही, तर तेवढ्या तुकड्यापुरती सगळी यंत्रणा निरुपयोगी. म्हणून संदेशाची भाषा आरडीएसओ ठरवते आणि कंपन्यांनी ती पाळायची असते. बाहेरून पेटी कोणाचीही असो, आत बोली एक.

यंत्र चुकीचे सांगू लागले तर?

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कवच आले म्हणजे काळजी मिटली, असे मानणे घातक आहे. कवच पुढच्या वाटेची माहिती सिग्नल यंत्रणेकडूनच घेते. ती माहितीच चुकीची असेल, तर कवचही फसू शकते.

८ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्याच दक्षिण पश्चिम रेल्वेवर, होसदुर्ग रोड स्टेशनात, संपर्क क्रांती एक्सप्रेसच्या बाबतीत असेच घडले. ठरलेली वाट एक होती आणि सांधा दुसऱ्याच रुळाकडे वळलेला होता. ड्रायव्हरच्या ते लक्षात आले, त्याने गाडी थांबवली आणि अनर्थ टळला. दुसऱ्याच दिवशी या रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्र लिहून सिग्नल यंत्रणेतील दोषाकडे आणि दुरुस्तीच्या वेळी नियम डावलले जाण्याकडे लक्ष वेधले.

चार महिनेही झाले नाहीत, तोच २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र बाजूच्या रुळाकडे होता. तेथे मालगाडी उभी होती. २९०हून अधिक माणसे गेली. चौकशीत आढळले, की पूर्वी तारांच्या जोडणीत केलेला बदल नीट नोंदला व तपासला गेला नव्हता, आणि त्या दिवशी जवळच्या फाटकाचे काम करताना चुकीच्या जोडण्या झाल्या. दीडशे वर्षांपूर्वी लोखंडी दांड्यांनी जी गाठ मारली होती, ती दोन-चार तारांनी सुटली.

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ आणखी वेगळे घडले. स्वयंचलित सिग्नल बिघडले होते, म्हणून गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या जात होत्या. मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून आदळली. अशा वेळी किती वेगाने जायचे, हे सर्वांना नीट सांगितले आणि शिकवले गेले नव्हते, असे चौकशीत दिसून आले.

तिन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहा. यंत्र चालू असते तेव्हा धोका कमी असतो. धोका वाढतो तो यंत्राला वळसा घातला जातो तेव्हा: दुरुस्ती चालू असताना, बिघाड झालेला असताना, आणि "गाडीला उशीर होतोय, आटपा लवकर" असा दबाव असताना. तार जोडणाऱ्याने नकाशा काढून पाहणे, दुसऱ्याने ते काम पुन्हा तपासणे, तपासणी पूर्ण होईपर्यंत गाडी थांबवून ठेवणे, ही कामे कोणत्याही संगणकाने संपवलेली नाहीत. आणि ती करायला वेळ लागतो. तो वेळ आपण प्रवाशांनी द्यायचा असतो.

पैशाचा हिशेब आणि आपले काम

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार कवचसाठी मार्गावर दर किलोमीटरला सुमारे ५० लाख रुपये आणि प्रत्येक इंजिनाला सुमारे ८० लाख रुपये खर्च येतो. लोंढा ते मिरज अंतर सुमारे १८६ किलोमीटर आहे. आठवी-नववीच्या मुलांनी गुणाकार करून पाहावा: फक्त मार्गाचाच खर्च ९३ कोटींच्या आसपास जातो. रक्कम मोठी आहे, पण एकदा नवीन रूळ आणि वीज यांवर खर्च झाल्यावर त्याच मार्गावर जास्त आणि जलद गाड्या धावणार, आणि तेव्हा ही यंत्रणा ऐनवेळी आठवून चालणार नाही. आपल्या भागातून रेल्वेकडे निवेदने जातात ती बहुधा नव्या गाड्यांसाठी आणि थांब्यांसाठी. त्यांत सिग्नल, फाटके आणि कर्मचाऱ्यांची विश्रांती यांचेही एक कलम असावे, असे आम्ही पालकांना व विश्वस्त मंडळींना सुचवतो. रेल्वेची परवानगी घेऊन वरच्या वर्गांना स्टेशनातील सिग्नलचे काम शिक्षकांसोबत दाखवता आले, तर दहा धडे वाचून जे कळणार नाही ते तासाभरात कळेल.

विद्यार्थ्यांनी पुढच्या प्रवासात फलाटावरून, पिवळ्या पट्टीच्या आत उभे राहून, सिग्नलचे रंग टिपावेत. हिरवा म्हणजे पुढे जा. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल बेताच्या वेगाने ओलांडण्याची तयारी ठेव. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. लाल म्हणजे थांब. किती वाजता कोणता रंग होता आणि गाडी कधी आली, हे वहीत लिहून आणा. सर्वांत नेटकी नोंद आम्ही पुढच्या अंकात छापू.

आणि एक गोष्ट वहीत न लिहिताही पाळता येईल. फाटक बंद असेल, तर सायकलवरून उतरा आणि उभे राहा, मग शाळेची घंटा झाली तरी चालेल. फाटकामुळे पाच मिनिटे उशीर झाला असे सांगणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करू नये, अशी विनंती आम्ही आपल्या शिक्षकांनाही करत आहोत.